चार टक्के

तेल्मूने तीन करारपत्रं मशीनवर ठेवली,
पायपट्टीखाली कापड सरकवावं तशी.
"आत्या, यातलं एक निवड.
लोक तुला विचारूनच घेतात ना सगळं?
मग सांगण्याचे पैसे का सोडायचे?"

विचारतात, खरं आहे.
कोव्हिल्यांच्या गिरण्या एकेक करून निजल्या
तरी शिवण थांबली नाही इथली.
मशीन दुरुस्त करून नेताना बायका
दारात रेंगाळतात, एक पाय पायरीवर.
इदालिना, कात्री कुठली घेऊ?
धुतल्यावर उसवणार नाही असा दोरा कुठला?
मी सांगते.
चाळीस वर्षं फुकट सांगते आहे.

आता मधले लोक आलेत.
दुकान लिस्बनला, गोदाम पोलंडात कुठेतरी,
गिऱ्हाईक माझ्या दारात,
आणि मधे हे.
सांगणाऱ्या प्रत्येकाला एक आकडा देतात.
माझा आकडा घालून कुणी कात्री मागवली
की त्या पैशातला कपटा माझा.

पहिले वीस टक्के देतात.
वीस! तेल्मूच्या डोळ्यांत बॉबिन गरगरली.
मी भिंग लावून खालची मुंगीअक्षरं वाचली:
फक्त त्यांच्याच नव्या मशीनवर.
ते मशीन मी उघडलंय.
आतलं दातेरी चाक
बिस्किटाचं असावं.

दुसरे आठ देतात,
पण चोवीस तासच लक्षात ठेवतात.
म्हणजे मी आज सांगितलं
आणि बाईने परवा घेतलं,
तर मी तिला काही सांगितलंच नव्हतं.
अरे, या गावात परवाच्या आत काय होतं?
दोना फेलिज्मिनाला कोटाचं अस्तर निवडायला
एक अख्खा हिवाळा लागतो.

तिसरे चार.
तीस दिवस आठवण.
पन्नास युरो साठल्याशिवाय दमडी सुटणार नाही.
माल परत गेला तर माझे पैसेही परत.
तेल्मूने नाक मुरडलं. मला ते कलम आवडलं.

एकोणनव्वद साली
कुणी छदामही देत नसताना
मी ओतीलियाला एक मशीन घ्यायला लावलं.
मोटर दर थंडीत जळायची.
दोन वर्षं बिनपैशाची दुरुस्त केली.
ती वाकडा शब्द बोलली नाही कधी.
मशीन टेबलावर ठेवायची
आणि मी झाकण उघडेपर्यंत
खिडकीबाहेर बघत राहायची.
असलं कलम
तिघांपैकी कुणाच्याही कागदात नव्हतं.

तिघांना फोन केले.
एकाकडे संगीत वाजत राहिलं.
एकाकडे यंत्र बोललं, फार गोड.
तिसरीकडे पोर्तोच्या बोलीची एक मुलगी, सर्दी झालेली,
म्हणाली, "मला ठाऊक नाही बाई, विचारून सांगते."
आणि दुपारी तिचा फोन आला.
टक्क्यांचं मी तेल्मूला समजावलं ते नंतर,
सही तेव्हाच ठरली होती.

पहिली आली बेर्नार्दा.
आकडा चिठ्ठीवर लिहून दिला आणि सांगून टाकलं,
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं:
"दहा युरोच्या कात्रीत मला चाळीस सेंट मिळतात."
"चाळीसच?" तिने पर्स बंद केली.
"मग वीस माझे.
घेणारी मी आहे."
हसलो दोघी. मी हो म्हटलं.

चिठ्ठी तिने पावाच्या डब्यात ठेवली.
पेन्शन उशिरा आली, मग नातवाचं आजारपण,
मग डोंगरावर बर्फ पडला, रस्ता बंद.
कात्री मागवली ती
एकतिसाव्या दिवशी.

मधल्यांच्या हिशेबात मी नाहीच.
पण काल बेर्नार्दा दारात उभी,
एक पाय पायरीवर, तळवा पुढे:
"इदालिना, माझे वीस?"

दिले.
तेल्मू वही लिहितो. जमा शून्य, खर्च वीस.
त्याने वर बघितलं. मी सुईत दोरा घालत होते.
जाता जाता ती म्हणाली,
कात्री लोकरीत लोण्यासारखी जाते,
फेलिज्मिनालाही सांगितलंय.
आकडा? छे,
आकडा सांगायचा राहिला.